टिल्लूकाकांची दर्शनी बाजू

टिल्लूकाकांच्या शोकसभेत नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळींनी पडद्यावर घराचा फोटो लावला होता. माणसाचा नाही, घराचा. म्हणजे काका होते त्यात, पण फाटकापाशी अंगठ्याएवढे, आणि मागे ते अवाढव्य फ्रेंच धाटणीचं घर. सात जण बोलले आणि सातही जण घराबद्दल बोलले. "काय दृष्टी होती डॉक्टरांना!" "नॉटिंगहॅममध्ये पॅरिस उभं केलं हो!" पहिल्या रांगेत सुमनकाकू बसल्या होत्या. सकाळच्या ट्रेनने क्रॉयडनहून आलेल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. त्यांच्याबद्दल एकाच्याही तोंडून चकार शब्द नाही. मला इतका संताप आला की मी समोसा न खाताच घरी आले, आणि मी समोसा सोडणाऱ्यातली नाही.

म्हणून हे लिहायला घेतलंय. गोड बोलणारे सात जण बोलून झालेत. आठवी मी.

डॉ. यशवंत टिल्लू आमच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. मी तिथल्याच फार्मसीत. त्यांच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे कबूल करते. भले भले सर्जन ऑपरेशनला टिल्लूच हवेत म्हणून अडून बसायचे. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी ही विद्या औषधाशिवाय वापरायला सुरुवात केली. रंग, गिलावा आणि खिडक्यांच्या चौकटी यांवर बोलायला लागले की पाचव्या मिनिटाला समोरच्याचे डोळे मिटायला लागायचे.

ते घर शंभरेक वर्षांचं. लेसच्या कारखान्यावर गब्बर झालेल्या कुणा इंग्रजाला फ्रान्सचं वेड लागलं आणि लाल विटांच्या आमच्या वस्तीत त्याने हे चुन्याच्या गिलाव्याचं, पिवळसर, उंच खिडक्यांचं घर बांधलं. छप्पर काळ्या पाटीच्या दगडाचं, जवळजवळ उभं खाली येणारं, आणि त्या छपरातच छोट्या खिडक्या. खालच्या प्रत्येक खिडकीला दोन्ही बाजूंनी लाकडी झडपा. मूळचं घर देखणं होतं, बरं का. चोवीस वर्षांपूर्वी काकांनी घेतलं तेव्हा त्याची नुसती डागडुजी केली असती तरी पुरलं असतं. पण काकांना डागडुजी नको होती. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी घर 'अपडेट' करायला घेतलं, तेही फक्त बाहेरून. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता तो ठिबकतच राहिला.

"घर छान आहे हो काका," असं कुणी म्हटलं की ते दुखावायचे. "घर काय घेऊन बसलीस? एलेव्हेशन बघ, एलेव्हेशन!" दर्शनी बाजूसाठीचा हा शब्द त्यांनी दादरच्या बिल्डरांकडून उचलला होता आणि तो उच्चारताना त्यांची मान आपोआप वर व्हायची. पॅरिस त्यांनी एकदाच पाहिलं होतं, आमच्या ग्रुपच्या बसट्रिपमध्ये, अडीच दिवस. सगळे बोटीत बसले, तर हे काठावर उभे राहून लोकांच्या खिडक्यांचे फोटो काढत होते. वरून एक बाई फ्रेंचमध्ये ओरडायला लागली तेव्हा कुठे हलले. बोटीत काकूंच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, आणि काकू सगळ्यांना सांगत होत्या, "त्यांना पाण्याचा त्रास होतो." कसला त्रास! आपल्या नवऱ्याची लाज आपणच झाकायची, दुसरं काय.

त्यांच्याकडे जेवायला जायचं म्हणजे आधी वीस मिनिटं फुटपाथवर उभं राहायचं. दारातून सरळ आत गेलेलं त्यांना चालायचं नाही. एका संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या आम्ही नऊ बायका, जानेवारीतल्या वाऱ्यात, साड्यांवर कोट घालून तिथे कुडकुडत उभ्या होतो. भिंतीवर त्यांनी रंगाचे अकरा चौकोन करून ठेवले होते.

"सांग वैशाली, कुठला?"

"पाचवा."

"का?"

"घराचा मूळचा रंग तोच आहे ना."

"तुला आर्किटेक्चरमधलं काही कळत नाही," म्हणाले, आणि माझ्या शेजारणीकडे वळले. नऊच्या नऊ जणींना विचारलं, नऊच्या नऊ जणींना मोडीत काढलं. तेवढ्यात काकूंनी दार उघडलं. "अहो, त्यांना आत तरी येऊ द्या. चहा निवतोय."

"अगं, एक मिनिट! फार तर दोन!"

काकू दार अर्धवट उघडं धरून तशाच उभ्या राहिल्या. बंद करावं तर पाहुण्यांचा अपमान, उघडं ठेवावं तर घरातली ऊब बाहेर.

गणपतीचं मखर ही आणखी एक तऱ्हा. कुणी मखराला कैलास करतं, कुणी महाल. काका स्वतःच्या घराचं एलेव्हेशन करायचे. थर्माकोलचं, फूटपट्टीने मापं घेऊन, पुढच्या वर्षी करायच्या बदलांसकट. गणपती बसायचा दारात. आम्ही आरतीला टाळ्या वाजवतोय आणि मागून कुजबुज, "यंदा ग्रे करतायत वाटतं." एका वर्षी मखराचं दार घराच्या प्रमाणात ठेवलं आणि मूर्ती काही त्यात मावेना. काकूंनी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर तीन दुकानं पालथी घालून ती मूर्ती निवडली होती. काका म्हणाले, "दार मोठं केलं तर प्रपोर्शन बिघडेल. बदलून आण."

गणपती बदलून आण! जसं काही पायात न बसलेले बूट.

गाडी मी चालवत होते म्हणून मला माहीत आहे. काकू लेस्टरपर्यंत ती मूर्ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि हळू आवाजात तिची माफी मागत होत्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही नाही का म्हणत नाही त्यांना?" तर म्हणाल्या, "अगं, एवढं बाहेरचं होऊ दे. मग आम्ही जाणारच आहोत ना क्रॉयडनला."

तर हे क्रॉयडन. आयुष्यात काकूंनी मागितलेली ही एकच गोष्ट. त्यांची मुलगी मीनल तिथे एका ऑफिसात होती, आणि तिला जुळ्या मुली. त्या दोघींना शाळेतून आणावं, वेण्या घालाव्यात, चार मराठी शब्द शिकवावेत, एवढंच काकूंच्या मनात. मुली वर्षाच्या असताना मीनलच्या घरापासून दोन ट्रामस्टॉपवर एक फ्लॅट रिकामा झाला. काका लगेच म्हणाले, "जाऊ की! बाहेरचं झालं की निघू." काकूंनी ते खरं धरलं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या हॉलमध्ये खोकी लागली, प्रत्येकावर काळ्या मार्करने 'क्रॉयडन' लिहिलेलं. होळी आली की पुरणयंत्राचं खोकं उघडायचं, होळी झाली की पुन्हा चिकटवायचं. पाहुणे त्या खोक्यांवर कोट टाकायचे. फ्लॅट गेला. दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर दुसरा निघाला, तळमजल्यावरचा, पुढे इवलीशी बाग असलेला. तोही गेला, कारण बाहेरचं व्हायचं होतं. मुली तीन वर्षांच्या झाल्या, चार वर्षांच्या झाल्या.

आणि बाहेरचं काय चाललं होतं? जुन्या लाकडी झडपा काढून काकांनी प्लॅस्टिकच्या बसवल्या. भिंतीवर स्क्रूने पक्क्या ठोकलेल्या, आणि इतक्या अरुंद की दोन्ही ओढल्या असत्या तरी मध्ये वीतभर फट राहिली असती. काकूंना वाऱ्याचा त्रास व्हायचा, त्या रोज संध्याकाळी झडपा लावून घ्यायच्या. त्यांनी विचारलं, "अहो, या बंद कशा करायच्या?"

"बंद कशाला करायच्यात? त्या दिसायला आहेत!"

महिन्याभरात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, पत्र आलं. जुन्या वास्तूंची जपणूक होते असा तो भाग, तिथे परवानगीशिवाय दर्शनी बाजूला हात लावता येत नाही, झडपा पूर्ववत करा. दुसरा माणूस असता तर खजील झाला असता. काका हरखले. आपल्या एलेव्हेशनची सरकारदरबारी दखल घेतली गेली म्हणून पत्र फ्रिजवर लावलं, नातींच्या फोटोवर. आणि मग नकाशे, अर्ज, उलट अर्ज यात दोन वर्षं अशी मजेत गेली की विचारू नका.

आता वॉटरप्रूफिंगचं सांगते. हे आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

काका मुंबईचे. तिकडे दर मे महिन्यात सोसायटीची मीटिंग होते आणि त्यात एकच विषय, वॉटरप्रूफिंग. वडिलांनी तेच केलं, भावाने तेच केलं. भिंत दिसली की तिला काहीतरी फासून पाणी बंद करायचं, हे त्यांच्या रक्तातच. मुंबईला गेले असताना ते भावाच्या सोसायटीत वापरतात त्या लेपाचा एक डबा नमुन्यासाठी घेऊन आले, काकूंच्या साड्यांमध्ये गुंडाळून. डब्याचं झाकण विमानात सैल झालं आणि काकूंच्या नारायणपेठेवर पांढरा थर बसला. आम्ही भेटायला गेलो तर काका ती साडी बागेत दोरीवर पसरून तिच्यावर तांब्याने पाणी ओतत होते. "बघ! एक थेंब आत जात नाही!" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. काकू खिडकीतून बघत होत्या. ती साडी त्यांच्या आईने दिलेली होती.

गिलाव्याच्या कामाला कॉलिन नावाचा एक म्हातारा इंग्रज यायचा. त्याने काकांना हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. "डॉक्टर, ही चुन्याची भिंत आहे. ओल आत घेते, बाहेर सोडते. हिला श्वास घेऊ द्या. वरून बंद केलंत तर सगळं पाणी आतच अडकेल." हे त्याने माझ्यासमोर सांगितलं. काका त्याला मधेच तोडून म्हणाले, "मी चाळीस वर्षं श्वासाचंच काम केलंय, मला शिकवू नकोस. आमच्याकडे पाऊस चार महिने कोसळतो. तुमच्याकडे नुसती भुरभुर." कॉलिनने अवजारं उचलली आणि गेला. काकांनी दुसरी माणसं आणली, इथल्याच दुकानातून तसलाच लेप मागवला आणि घराला पायापासून छपरापर्यंत राखाडी रंगाचा प्लॅस्टिकचा कोट चढवला. पाऊस पडला की पाणी भिंतीवरून कसं घरंगळतं ते बघायला स्वतः छत्री घेऊन फुटपाथवर उभे राहायचे.

पहिल्याच हिवाळ्यात आतून भिंती ओल्या झाल्या. काकूंच्या खोलीत पलंगामागे काळी बुरशी धरली. देवघराच्या मागचा वॉलपेपर सुटून लोंबायला लागला. काकूंना आधीच थोडा दमा, आता खोकला असा लागला की वाक्य पुरं करता येईना. मी फार्मसीतून त्यांचे इनहेलर घरपोच द्यायला लागले. आधी एक, मग दोन, मग त्याबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या.

मीनल दोन दिवसांची सुट्टी काढून आली. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी तिच्यापुरतं चालतं. माझा हात धरून तिने मला वरच्या खोलीत नेलं. "वैशालीमावशी, हा भिंत बघ ना. पूर्ण ओला आहे. आई इथे झोपतो! बाबाला मी सांगितली, तो म्हणतो, बाहेरून ड्राय आहे." आणि ती पलंगावर बसून रडायला लागली.

मी खाली गेले आणि काकांना तोंडावर सुनावलं. म्हटलं, "काका, पेशंटच्या छातीत असा आवाज ऐकला असतात तर तुम्ही टेबलावर घेतलं असतंत का त्याला? आणि घरात बायकोला रोज खोकताना ऐकताय!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. क्षणभर मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. जरा एलेव्हेशनचं काम मार्गी लागू दे, आतलं लगेच बघतो." मी कपाळाला हात लावला.

शेवटी काकूंनीच ठरवलं. जीपीने, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने, सांगितलं की या घरात पुढचा हिवाळा काढू नका, आणि काकूंनी ते शब्दशः घेतलं. एका गुरुवारी सकाळी मला फोन आला, "वैशाली, मला स्टेशनवर सोडशील?" मी गेले तर दोन बॅगा दारात. खोकी तशीच हॉलमध्ये.

"काकांना सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं. हो हो म्हणाले. बाहेरचं झालं की येतो म्हणाले."

काका बाहेर परांचीवर, जमिनीपासून पंधरा फूट वर, डोक्याला रुमाल बांधून. हा लेप खरवडून काढायचा हे मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं, मुलीच्या रडण्यामुळे नव्हे, राखाडी रंगाला पोपडे धरले म्हणून. मी बॅगा डिकीत ठेवल्या. काकू गाडीत बसायला वाकल्या तशी वरून हाक आली, "सुमन! अगं, एक मिनिट! निघायच्या आधी फाटकातून बघून सांग, डावीकडचा रंग बरा का उजवीकडचा?"

काकूंनी वर बघितलंच नाही. "दोन्ही छान आहेत हो," म्हणाल्या आणि पट्टा लावून घेतला. 

त्या गेल्या, मग काकांचा हात खरंच चालायला लागला. कॉलिनच्या घरी जाऊन त्याला परत आणलं. त्याची माफी मागितली असं कॉलिन म्हणाला. माझा अजून विश्वास बसत नाही. दीड वर्ष दोघे म्हातारे भिंत इंच इंच खरवडत होते. पुन्हा चुन्याचा गिलावा, पुन्हा तो पिवळसर रंग. सुताराकडून लाकडाच्या खऱ्या झडपा, बिजागरीवर फिरणाऱ्या. काकू दर रविवारी फोन करायच्या, आणि हे त्यांना झडपांच्या बिजागऱ्यांबद्दल सांगायचे. क्रॉयडनला एकदाही गेले नाहीत. ट्रेनने तीन तासांचा रस्ता. मुलींच्या वाढदिवसालाही नाही, कारण त्या आठवड्यात चुना ओला होता.

शेवटचे ते मला दिसले त्यानंतर तीन आठवड्यांनी हृदयविकाराने गेले. ते शेवटचे दिसले तो रविवार होता. मी डबा घेऊन गेले होते, काकूंनी सांगितलं होतं म्हणून, त्यांच्यासाठी मी कशाला नेते. काका फुटपाथवर उभे होते, फोन दोन्ही हातांनी घराकडे धरून. व्हिडिओ कॉल चालू होता. परांची काढलेली. घर, खरं सांगायचं तर, सुंदर दिसत होतं. मला त्याचाही राग आला.

"दिसतंय का? डावीकडून दाखवतो. या झडपा बघ, बंद होतात आता. बघ, बघ!"

"दिसतंय हो." काकूंचा आवाज स्वच्छ होता, मध्ये खोकला नव्हता. मागे मुलींचा गोंधळ. "छान झालंय. आता तुम्ही दिसा की जरा."

"अगं, छपराकडे नेतो आता फोन."

"घर बावीस वर्षं बघितलं मी. तुम्हाला बघू दे."

काकांना कॅमेरा फिरवता येईना. कुठलंतरी बटण दाबत राहिले. मी फोन त्यांच्या हातातून घेतला, कॅमेरा फिरवला आणि शेजारी उभी राहून तो त्यांच्यासमोर धरला. आणि तेव्हा मीही त्यांना नीट बघितलं. गालांची हाडं वर आलेली, आठवड्याची दाढी, स्वेटरच्या कोपरावर भोक, भुवयांत चुना. पलीकडे काकू फोनच्या अगदी जवळ आल्या.

"अहो," मग म्हणाल्या, "जेवताय ना?"

"जेवतो की. वैशाली डबा आणते." त्यांनी केसांवरून हात फिरवला. "सुमन, झालं गं बाहेरचं."

"मग या." काकूंचा आवाज एकदम चढला, मुलीसारखा. "उद्या या. परवा या. मीनल तिकीट काढते आत्ता. कपडे नका घेऊ फार, इथे घेऊ. येताय ना? अहो, येताय ना?"

काकांनी मान वळवून वर बघितलं. मी मनात म्हटलं, नका. नका बोलू.

"येतो ना," ते म्हणाले. "छपराच्या खिडक्या तेवढ्या राहिल्यात. एवढ्या झाल्या की..."

पडद्यावर काकूंचा चेहरा होता, तो गेला. त्यांनी फोन ठेवताना बोट पुढे आणलं ते मला स्पष्ट दिसलं. काका चष्म्यावरून काळ्या पडद्याकडे बघत राहिले. "हॅलो? सुमन?" मग माझ्याकडे वळले. "नेटवर्क गेलं का गं?"

त्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे आठ वर्षांचं साठलेलं होतं. सगळं जिभेवर होतं.

"हो काका," मी म्हटलं. "नेटवर्कच गेलं."